भट्टीतून पास झालेलं मशीन

इथल्या महाराष्ट्र मंडळात मला अजून 'क्यूसी' म्हणतात. चंदीगडच्या गणपतीत मी मांडवात शिरलो की कुणीतरी हमखास ओरडतं, "क्यूसी आले, मोदक लपवा, नाहीतर निम्मे रिजेक्ट होतील." नव्याने बदलून आलेल्या फौजी अधिकाऱ्यांच्या बायकांना या नावाचा अर्थ कळत नाही. मग जुन्यांपैकी कुणीतरी समजावून सांगतं की हे काका फार पूर्वी मोहालीत कॉम्प्युटरच्या कंपनीत होते, क्वालिटी कंट्रोलला. त्या "अय्या, हो का" म्हणतात आणि आपापल्या मोबाइलकडे वळतात. मला त्याचा राग येतो. मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो.

आमची कंपनी मोहालीच्या इंडस्ट्रियल एरियात होती. आता तिथे लग्नाचा हॉल आहे. आपल्याकडे पर्सनल कॉम्प्युटर नुकते यायला लागले होते. सुटे भाग बाहेरून मागवायचे, इथे जोडायचे आणि वर आपल्या नावाची पट्टी चिकटवायची, असा तो धंदा. मी सांगलीहून नोकरीपुरता आलो होतो, तो इथलाच होऊन गेलो.

जोडलेलं मशीन गिऱ्हाइकाकडे जाण्यालायक आहे की नाही, एवढं ठरवणं हे माझं काम. त्यासाठी एक बंद खोली होती. खिडकी नाही, पंखा नाही, भिंतीला हीटर. तिला आम्ही भट्टी म्हणायचो. मशीनं तिथे रॅकवर चालू करून ठेवायची, चांगली तापू द्यायची, मग बंद करून गार करायची, पुन्हा तापवायची. जे मरायचं ते आमच्यासमोर मरू दे, गिऱ्हाइकाच्या टेबलावर नको. त्या काळातल्या चिपा बोर्डावर पक्क्या जोडलेल्या नसत, नुसत्या खाचांमध्ये खोचलेल्या असत. तापून आणि गार होऊन त्या केसाकेसाने वर सरकत, आणि एके दिवशी मशीन मुकं होई. जोडणाऱ्यांकडे यावर एक उपाय होता, अंगठा मारायचा. झाकण उघडायचं, प्रत्येक चिप अंगठ्याने दाबत जायचं, की मशीन चालू. माझ्याकडे येण्याआधी बहुतेक मशीनांना असा अंगठा मारलेला असे. ती माझ्यासमोर शहाण्या मुलासारखी चालत आणि लुधियान्याच्या कुठल्यातरी ऑफिसात जाऊन बंद पडत. म्हणून मी झाकण उघडून चिपांवर तेलकट ठसा आहे का ते बघायला लागलो. ठसा दिसला की मशीन परत भट्टीत.

सरकारी खरेदी सगळी मार्च महिन्यात व्हायची. तेव्हा मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. "ओए, पास कर दे यार, मार्च एंड है. ग्राहक कौन सा खोल के देखेगा?" मी नाही म्हणायचो. त्याने हात जोडले तरी नाही, आवाज चढवला तरी नाही. एका मार्चमध्ये त्यांनी मला न विचारता गाडी भरून माल पाठवला. तो शाळांमधून आणि दवाखान्यांतून असा परत आला की कंपनीचं नाव जे खराब झालं ते पुन्हा सुधारलंच नाही. पुढे कंपनी बुडाली. पण माझ्या सहीने बाहेर पडलेलं मशीन बिघडून परत आलेलं मला तरी आठवत नाही. याचा मला गर्व आहे. आयुष्यात गर्व करण्यासारखं दुसरं काही मी फारसं केलेलं नाही.

त्यातलं एक मशीन मी आमच्या एका स्नेह्यांना दिलं होतं. ते विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे. मूळचे अमरावतीचे. त्यांच्या घरी आमचं जाणंयेणं घरच्यासारखं. त्यांची बायको मला भाऊजी म्हणायची, मी त्यांना वहिनी. त्यांना एकुलती एक मुलगी. कॉम्प्युटर घ्यायचा ठरल्यावर स्नेही म्हणाले, "तुम्हीच निवडा. मी डोळे मिटून घेईन." मी रॅकवरचं एक मशीन निवडलं आणि नियमापेक्षा कितीतरी जास्त वेळ भट्टीत ठेवलं. हार्ड डिस्क वगैरे चैन त्यात नव्हती. जे काही लिहायचं ते फ्लॉपीवर, त्या जुन्या, मोठ्या, वाकणाऱ्या फ्लॉप्यांवर. घरी पोचवताना मी सगळ्यांना बसवून सूचना दिल्या होत्या: फ्लॉपीला धूळ लागू द्यायची नाही, ओल लागू द्यायची नाही, लोहचुंबक जवळ आणायचं नाही. वहिनींनी ते असं लक्ष देऊन ऐकलं की मला आवडलं.

मुलीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायची हिंदी. इथल्या आमच्या सगळ्यांच्या मुलांचं तेच. कॉलनीत हिंदी, शाळेत इंग्रजी, बसमध्ये पंजाबी, मग घरी आल्यावर आईसाठी वेगळी जीभ कुठून आणायची? आम्ही ते सोडून दिलं होतं. वहिनींनी सोडलं नव्हतं. त्यांनी घरात नियमच केला होता की मुलगी हिंदीत बोलली तर उत्तर द्यायचं नाही. पोरगी म्हणायची, "आई, भूख लगी है यार." वहिनी पोळ्या लाटत राहायच्या. पोरगीही हट्टी, ती मराठीत मागायची नाही. मग संध्याकाळभर दोघी गप्प. माझ्या बायकोने त्यांना सांगून पाहिलं, की वहिनी, लहान आहे, असं करू नका. त्या म्हणाल्या, "आपली भाषा आपल्याच घरात मरून राहिली, अन् मी पाहत बसू काय?"

असाच एक अबोला चालू असताना मुलीला ताप आला. साधा ताप वाटला, पण तो मेंदूत गेला. मुलगी अकरा वर्षांची होती. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. स्नेह्यांनी ते मशीन चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. फ्लॉप्यांचा डबा वहिनींच्या हातात देऊन म्हणाले, "हा तिचा आहे. नीट ठेव." त्यानंतर त्या घरात कॉम्प्युटर हा शब्द मी काढला नाही.

मागच्या थंडीत स्नेही गेले. त्यानंतर, उन्हं तापायला लागली तेव्हा, वहिनींचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. त्या अमरावतीला पुतण्याकडे कायमच्या जाणार होत्या, घर आवरायला काढलं होतं. "भाऊजी, एक काम आहे. तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही."

मी गेलो. खोलीभर खोकी पसरलेली. त्यांनी मला पाणी दिलं, समोर बसल्या आणि सांगितलं की दवाखान्यात शेवटी शेवटी ह्यांनी एक गोष्ट सांगितली. मुलगी त्या कॉम्प्युटरवर मराठीत लिहायची. अक्षरं इंग्रजी, पण भाषा मराठी. बापाच्या मागे लागून शिकली होती. रोज शाळेतून आली की लिहायची, आणि बापाला शपथ घातली होती की आईला सांगायचं नाही. त्याने ती शपथ इतकी वर्षं पाळली.

"मला फक्त एकदा वाचायचं आहे," वहिनी म्हणाल्या. "काय लिहिलं आहे याचं मला काही नाही. शिव्या दिल्या असतील तरी चालेल. माझ्याशी अबोला धरून बसली होती न ती. माझ्यावर रागात गेली. मराठीत काय म्हणत होती, तेवढं वाचलं की मी इथून जाईन."

मग त्या उठल्या आणि लोखंडी पेटी उघडली. पेटी उघडल्याबरोबर वास आला, डांबराच्या गोळ्यांचा. इथे थंडी संपली की घरोघरी रजया आणि स्वेटर पेटीत जातात आणि कपड्यांच्या घड्यांमध्ये ओंजळभर गोळ्या टाकतात. आम्ही मराठी माणसंही इथे येऊन ते शिकलो. या पेटीत रजया नव्हत्या. मुलीचे फ्रॉक, शाळेचा स्वेटर, लोकरीची टोपी, आणि मधोमध मलमलीत गुंडाळलेला तो डबा. त्याच्या चारी बाजूंनी गोळ्या. काही नव्या, पांढऱ्या शुभ्र, काही झिजून मण्याएवढ्या झालेल्या.

"दर वर्षी बदलते," वहिनी म्हणाल्या. "धूळ नाही, ओल नाही, लोहचुंबक नाही. तुम्ही सांगितलं तसंच."

मी मलमल सोडवली. डब्याचं प्लास्टिक मऊ पडून चिकट झालं होतं. झाकण उघडेना. आत फ्लॉप्या एकमेकींना धरून बसलेल्या दिसत होत्या. डांबराच्या गोळीची वाफ काही जातींच्या प्लास्टिकला पार विरघळवते. मला ते माहीत होतं, आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला तर त्या पेटीच्या नुसत्या वासाने कळलं असतं. पण तो माणूस त्या पेटीजवळ कधी गेलाच नाही. मी डबा पिशवीत घातला, माळ्यावरचं मशीन रिक्षात घातलं आणि घरी आलो.

मशीनचं आधी सांगतो. मी ते उघडलं, धूळ काढली, पॉवर सप्लाय बदलला आणि झटकन चालू होईल अशी काही आशा न ठेवता बटण दाबलं. ते चालू झालं. फ्लॉपीचे दोन्ही ड्राइव्ह गुरगुरले. स्नेह्यांच्या एका माजी विद्यार्थ्याकडून मिळवलेली जुनी, चांगली फ्लॉपी मी आत घातली, तीही वाचली. त्यावर मी काही लिहिलं आणि पुन्हा वाचलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. इतक्या वर्षांनी! मी बायकोला हाक मारून दाखवलं. पुढचं सगळं माहीत असूनही त्या क्षणी मला आनंद झाला, त्याची आता लाज वाटते.

फ्लॉप्यांचं मात्र काही खरं नव्हतं. मी प्रत्येकीचं वरचं पाकीट कापलं, आतली तबकडी काढली. बहुतेक तबकड्यांवरचा तपकिरी थर पाकिटाच्या अस्तरालाच चिकटून निघाला होता. हातात आली ती नुसती प्लास्टिकची पारदर्शक चकती. मोहालीच्या नॉलेज सिटीत, जिथे मोठ्या संशोधन संस्था आहेत तिथे, एका संशोधक बाईंची ओळख होती, त्यांच्याकडे सगळं घेऊन गेलो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि मान हलवली. "सर, इसमें अब कुछ है ही नहीं. जो लिखा था, वो इस परत पे था." एका तबकडीवर मात्र थोडा थर शिल्लक होता. त्या म्हणाल्या, ही कुठल्याही ड्राइव्हमध्ये घातली तर एकदाच काय ते दिसेल, मग घासून जाईल. आमच्याकडे याहून वेगळं काही करता येणार नाही.

ती मी नव्या पाकिटात घालून मशीनमध्ये सरकवली. ड्राइव्ह कण्हला. पडद्यावर नावांची यादी आली. त्या काळी फाइलला लहानसंच नाव देता यायचं. SHALA होतं, MANJAR होतं. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठी फाइल, AAI. मी ती उघडायचा हुकूम दिला. आतून खरखर आवाज आला, पडद्यावर वाचता येत नसल्याचा संदेश आला, आणि मी तबकडी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर थराचा मागमूस राहिला नव्हता. ड्राइव्हच्या तोंडाशी चिमूटभर तपकिरी भुकटी जमली होती. मी ती पुसली नाही.

बायको म्हणाली, "खरं सांगून टाका. त्या समजून घेतील."

"काय समजून घेतील? की पोरीचा आवाज त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला? दर वर्षी, नव्या गोळ्या आणून?"

"मग काय सांगणार आहात?"

"मशीन खराब होतं म्हणून सांगतो."

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्याबरोबर चाळीस वर्षं काढलेली बाई आहे ती, तिला कळत होतं मी काय बोलतो आहे. "तुम्ही?" एवढंच म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो. तिचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींकडे गेलो. सामान बहुतेक बांधून झालं होतं. ती पेटी तेवढी खिडकीखाली उघडीच होती, ऊन दाखवायला फ्रॉक बाहेर काढून खुर्चीवर पसरले होते. वहिनींनी चष्मा पुसून घातलेला. बहुतेक त्यांना वाटलं होतं की मी छापून आणलेले कागद त्यांच्या हातात देईन.

"नाही मिळालं, वहिनी," मी म्हणालो.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"काहून हो? पेटीत काही झालं काय? मी तर एवढं जपलं."

"पेटीचा काही संबंध नाही. मशीनच खराब निघालं. फ्लॉपीवर ते नीट लिहीतच नव्हतं. तिने टाइप केलं ते कधी उमटलंच नाही."

वहिनींनी विचारलं, "म्हणजे ती रोज लिहीत होती, आणि ते कुठे जातच नव्हतं?"

"हो."

"ते मशीन तपासलं कोणी होतं?"

"मी."

मला वाटलं होतं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांचा आवाज चढला. त्या म्हणाल्या, डोळे मिटून घेतलं होतं ह्यांनी तुमच्या भरवशावर. मोठे क्यूसी म्हणून मिरवता साऱ्या मंडळात. दुसऱ्यांच्या मोदकात खोट काढता. एक मशीन धड पाहता आलं नाही तुम्हाला? मी खाली मान घालून ऐकत होतो. तोंडावर कुणी असं बोललेलं मी आयुष्यात कधी ऐकून घेतलेलं नाही, त्या मॅनेजरचंही नाही. आतून संताप उसळत होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. पण मनात म्हणत होतो, बोला, अजून बोला, तुमचा राग असा इकडेच वाहू दे.

मग त्या थांबल्या. खुर्चीवरचा एक फ्रॉक उचलून मांडीवर घेतला, त्याची घडी घालायला लागल्या. आणि माझ्याशी नाही, त्या फ्रॉकशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बरंच झालं म्हणा. राग राग लिहिला असेल तिनं. माझं तर नावही घेतलं नसेल."

मला तिथून उठून जाता आलं असतं. चपला दाराशीच होत्या. मी ठरवून आलेलं सगळं बोलून झालं होतं आणि ते त्यांना पटलंही होतं. पण ही बाई आता अमरावतीला जाणार, आणि मरेपर्यंत हेच घोकत बसणार, हे मला सहन झालं नाही.

"घेतलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"नाव. एका फाइलचं नाव दिसलं मला. आई. सगळ्यात मोठी होती ती. आत काय होतं ते नाही वाचता आलं. पण नाव होतं. इंग्रजी अक्षरांत, पण 'मम्मी' नाही, 'आई'."

त्यांचा हात घडीवर थांबला. चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "आई," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या. मला वाटलं, चला, इथवर तरी बरं झालं.

वहिनी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची बायको. त्या विचार करत होत्या, ते मला दिसायला हवं होतं.

"म्हणजे लिहिलं गेलं होतं," त्या म्हणाल्या.

मी दाराशी ठेवलेल्या चपलांकडे बघितलं.

"लिहिलं गेलं होतं. म्हणजे मशीन चांगलं होतं."

"वहिनी..."

"चांगलं होतं न, भाऊजी?"

"हो."

त्यांनी डोळे उचलून पेटीकडे बघितलं. खिडकीतून ऊन थेट आत पडलं होतं, आणि तळाशी विखुरलेल्या पांढऱ्या गोळ्या स्पष्ट दिसत होत्या. त्या वाकल्या, एक गोळी चिमटीत उचलली, नाकाजवळ नेली आणि तळहातावर ठेवून बघत राहिल्या. मी त्यांना काहीतरी सांगायला लागलो, कुणालाच माहीत नसतं, आम्ही कंपनीत सगळं तपासायचो पण हे कधी तपासलं नाही, असलं काहीतरी. त्यांचं लक्ष नव्हतं.

"कसर लागू नये म्हणून घातल्या हो मी," त्या म्हणाल्या.